वन्संचा नकाशा, आमची लिफ्ट

वन्सं,

इमारतीची स्मरणिका निघते आहे. कमिटीची माणसं सकाळीच येऊन बसली. "मॅडम, इमारतीचा इतिहास आणि तिची बांधणी, यावर तुम्हीच लिहा. तुम्ही भाषा शिकवायचात ना?" मी म्हटलं, भाषा शिकवायचे, विटा-चुना नव्हे. ज्यांना हे सगळं ठाऊक होतं त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या, आणि त्या सांगत होत्या तेव्हा तुमच्यापैकी एकजणही जिन्यात दोन मिनिटं थांबला नाही. सगळे चहाच्या कपात बघायला लागले. लोक तुमचं दार टाळायला चपला हातात घेऊन गच्चीवर जायचे, वन्सं. तुम्हाला ते माहीत होतं. म्हणून तर तुम्ही दार उघडं टाकून बसायचात.

तेव्हा इतिहास लिहीत नाही, तुम्हालाच लिहिते. छापायचं तर छापतील. आता उलट उत्तर यायचं नाही, ही सोय मला प्रथमच मिळते आहे. नवीन बिऱ्हाडकरूंसाठी एवढं सांगते, की वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या चौथ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या.

दोन रस्ते जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरची आपली इमारत, समोरून गोल. तळाला एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला तुमच्या भावाचं घड्याळदुरुस्तीचं. मधे लोखंडी पानांचं फाटक. आत काळ्या-पांढऱ्या फरशीचा दिवाणखान्याएवढं प्रवेशदालन, आणि तिथून वर वळत गेलेला जिना. जिन्याच्या मधोमध लंबगोल पोकळी, तळापासून छतातल्या काचेपर्यंत. तिला सगळी इमारत 'विहीर' म्हणायची. दुपारी छताच्या काचेतून ऊन सरळ खाली उतरायचं आणि काळ्या-पांढऱ्या फरशीवर उजेडाचं एक अंडं पडायचं. तुम्ही बाजाराची पिशवी हातात असलेल्या माणसालासुद्धा थांबवून ते दाखवायचात. "बघा, बघा, आत्ता बघा, नंतर सरकेल." लोक म्हणायचे, "हो हो, छान आहे," आणि सटकायचे. मीही सटकायचे. दूध उतू जात असताना उजेड कोण बघतं?

तुम्ही याच इमारतीत जन्मलात, चौथ्या मजल्यावर, त्या अवाढव्य कपाटाच्या खोलीत. कपाटाची गोष्ट तर या घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जायची. मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलीत. इमारत बांधली तेव्हा मूळ मालक चौथ्या मजल्यावर राहायला येणार होता. त्याच्या आईचं कपाट वर नेताना तिसऱ्याच्या वळणावर अडकलं. म्हातारी तिथंच पायरीवर बसली. कपाट वर जात नाही तोवर मीही जात नाही, म्हणाली. शेवटी मालकानं गवंड्यांना बोलावून वरचा नवाकोरा जिना फोडायला लावला, पुन्हा बांधला आणि कपाट वर नेलं. पुढे मालक गेला, म्हातारी गेली, तुमचे वडील भाडेकरू म्हणून आले. कपाट मात्र कुणाला हलवता आलं नाही. गोष्ट संपली की तुम्ही दोघं बहीणभाऊ पोट धरून हसायचात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनंच आपल्याला तोंडावर पाडलं.

तुम्ही नोकरी केलीत ती नकाशांच्या कचेरीत. दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि काळ्या शाईनं रेघ न् रेघ उतरवायची. कचेरीत तुम्हाला 'ट्रेसर' म्हणायचे. नोकरीच्या सुरुवातीलाच एक फाटका नकाशा तुमच्या टेबलावर आला, नवीन प्रत काढण्यासाठी. कागद ठेवला आणि शाई लावायला गेलात तर तुमचा हात थांबला. समोर आपली इमारत! तुमची खोली, तुमची खिडकी, विहीर, सगळं बोटाएवढं. कचेरीसाठी एक प्रत काढलीत, आणि सुटी झाल्यावर थांबून एक स्वतःसाठी. ती चौकटीत घालून भिंतीवर लावली. दुसऱ्या बायकांच्या भिंतीवर लग्नाचे फोटो असतात.

लग्नाचंही सांगून टाकते, नाहीतरी लोक विचारतातच. एक स्थळ आलं होतं. चौथ्या मजल्यावर चढून आल्यावर मुलानं आधी पाणी मागितलं, मग खुर्ची मागितली, आणि धाप लागलेली असतानाच विचारलं, "इतक्या वर राहता? लिफ्ट नाही?" तुम्ही म्हणालात, "नाही. आणि तुमचंही काही जमेल असं वाटत नाही." सासूबाई ही गोष्ट डोळ्यांना पदर लावून सांगायच्या, तुम्ही जेवता जेवता.

नंतरची सगळी वर्षं तुम्ही इमारतीवर पहारा दिलात. औषधवाल्यानं दारावरच्या कमानीवर पाटी ठोकली, तुम्ही ती काढायला लावलीत. पहिल्या मजल्यावरच्यांनी जिन्यात चपलांचं कपाट ठेवलं, तुम्ही रोज त्यावर "हा जिना आहे" अशी चिठ्ठी चिकटवलीत. कठड्याची लाकडी मूठ तुम्ही रोज स्वतः पुसायचात, चौथ्यापासून तळापर्यंत, आणि वाटेत ज्याच्या दाराला रंग नको तो दिसला त्याची झडती. मला म्हणायचात, "तू शिकलेली ना? मग दाराला पोपटी रंग कसा सुचतो तुला?" मी म्हणायचे, "वन्सं, दार माझं आहे." तुम्ही म्हणायचात, "आतून तुझं. बाहेरून इमारतीचं."

हे सगळं मी हसून घेतलं असतं. पण तुमच्या भावाचं कंबरेचं हाड मोडलं आणि हसणं संपलं.

ऑपरेशन झालं. हे घरात काठीनं फिरायला लागले, पण जिना? जिना बंद, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तीन मजले खाली त्यांचं दुकान. ज्या माणसानं आयुष्य त्या काचेच्या छोट्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत काढलं, तो खिडकीत बसून स्वतःच्या दुकानाची बंद फळी बघायला लागला. जेवण अर्धं झालं, बोलणं त्याहून कमी. माझं तर डोकं फिरायची वेळ आली. मला एकच दिसत होतं: ह्या माणसाला खाली नेलं नाही तर तो खिडकीतच संपेल.

तुम्ही उपाय काढलात. तुमचा उपाय म्हणजे टोपली! विहिरीत तुमची दोरी होतीच, चौथ्यावरच्या कठड्याला कप्पी लावून. भाजी, पेपर, पत्रं त्यातूनच वर यायची. आता गिऱ्हाइकांनी तळाशी टोपलीत घड्याळं ठेवायची, तुम्ही ती तिसऱ्यापर्यंत ओढायची, बंधुराजांनी घरी बसून दुरुस्त करायची, पुन्हा टोपली खाली. तुम्ही इतक्या खूश होतात, जसं काही त्यांचं हाडच सांधलंत!

"आता काय अडलंय?" तुम्ही मला विचारलंत.

"माणूस अडलाय, वन्सं. घड्याळं जाताहेत-येताहेत, माणूस घरातच आहे."

"दुकानात तरी काय करतो? घड्याळंच दुरुस्त करतो ना?"

मी तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. तुम्हाला ती ऐकू आली असतील, मुद्दाम जोरात आपटली होती.

लिफ्टचा ठराव मीच मांडला. जागा एकच, विहीर. सगळी बिऱ्हाडं तयार झाली. चपलांच्या कपाटवाले तर सगळ्यात आधी. पण नियम असा की एकाचीही सही राहिली तर काम व्हायचं नाही, आणि ती एक सही कुणाची राहिली हे सांगायला नको.

मी वर आले. तुम्ही कपाटाला पाठ लावून बसला होतात.

"सही करा, वन्सं."

"विहीर बुजवायला?"

"तुमच्या भावासाठी."

"तो काही बोललाय का मला? तूच बोलतेस. उजेड खाली यायचा बंद होईल, त्याचं काय?"

"उजेडाला कंबर नसते, वन्सं!"

"शिकवतेस कविता आणि बोलतेस असं," तुम्ही म्हणालात, आणि वर "दार लावून जा, वारा येतो" असंही.

असं कितीतरी वेळा झालं. मी चढायचे, तुम्ही नाही म्हणायचात, मी उतरायचे. माझे गुडघे गेले ते त्यात. इतर बिऱ्हाडकरू मला जिन्यात विचारायचे, "काय झालं?" जसं काही मी परीक्षेला जाऊन येत होते. आणि बंधुराज तोंडाला कुलूप लावून बसलेले. मी त्यांच्यावर खेकसले, "अहो, तुमची बहीण आहे, तुम्ही बोला की!" तर म्हणाले, "ताईला विहीर आवडते गं." अशा भावा-बहिणीत माझ्यासारखीनं करायचं काय!

मग एका संध्याकाळी तुम्ही टोपली खाली सोडत होतात. हे काठी टेकत आमच्या दाराबाहेर आले आणि कठड्याला टेकून विहिरीत बघत उभे राहिले. दोरी त्यांच्यासमोरून सरकत होती. तोंड वर करून म्हणाले, "ताई, त्यात मला घालून सोडतेस का खाली? वजन कमी झालंय माझं."

गंमतच केली त्यांनी. हसलेसुद्धा. पण दोरी थांबली. टोपली विहिरीत तशीच लोंबकळत राहिली, नुसती फिरत. सकाळी दारात कागद सरकवलेला होता, सही केलेला. त्याखाली तुमच्या सुंदर, सरळ अक्षरात अटी: लिफ्ट बंद डब्याची नको, जाळीची हवी. जाळीला फाटकासारखीच पानं हवीत. मापं मी देईन, दुसऱ्या कुणी ढवळाढवळ करू नये.

मी म्हटलं, पानं हवीत तर पानं, फुलंही लावा!

मिस्त्री आला. तुम्ही भिंतीवरून नकाशा काढून काखेत घेऊन खाली उतरलात, एखादं लेकरू घ्यावं तसा. त्यानं फीत काढून तळाशी मापलं, पहिल्या मजल्यावर मापलं. तंतोतंत. तुमचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं आता तुम्ही त्याला पोरगं म्हणून दत्तक घेणार.

"वर पण बघून घेतो, बाई," तो म्हणाला.

"नकाशा समोर आहे ना? तळापासून वरपर्यंत एकच लंबगोल आहे. मी स्वतः उतरवलाय."

"जुनी इमारत आहे, एकदा ओळंबा सोडून बघितलेला बरा." ओळंबा म्हणजे गवंड्याचं ते दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे का बघायचं.

"ओळंबा शंका असली की सोडतात," तुम्ही म्हणालात.

"बघू दे ना त्याला, काय बिघडतंय?" मी म्हटलं.

"तू तुझ्या कविता बघ."

झालं. सगळं त्या कागदावरून ठरलं. जाळी घडवून आली, पानांसकट. मला मान्यच करायला हवं, दिसायला देखणी होती. खालून रूळ बसवत बसवत माणसं वर आली. तिसऱ्यापर्यंत लोण्यासारखं काम. तिसऱ्याच्या वर गेले आणि वरून हाक आली, "बाई, इथं जागाच नाहीये!"

हे दारात खुर्ची टाकून बसले होते, मी त्यांच्या मागे उभी. तुम्ही वरून धावत आलात. मिस्त्रीनं फीत लावून दाखवली. तिसऱ्याच्या वरच्या वळणावर विहीर चक्क अरुंद, पायऱ्या हाताच्या पंजाएवढ्या आत सरकलेल्या. लिफ्टचा पाळणा तिथून जाणं शक्य नव्हतं. तुम्ही पुन्हा वर गेलात, नकाशा आणलात, तो जिन्यासमोर धरलात. एकदा नकाशा, एकदा जिना. मग पूर्ण गंभीरपणे म्हणालात, "इमारत चुकलीय. नकाशा बरोबर आहे."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

आणि तेव्हा खुर्चीतून खुसखुस ऐकू आली. तुमचे बंधुराज. आधी तोंड दाबून, मग मोकळे. इतके हसले की काठी पडली.

"तुला हसू कसलं येतंय?" तुम्ही ओरडलात.

"ताई... कपाट!"

म्हातारीच्या कपाटासाठी वरचा जिना फोडून पुन्हा बांधला होता. कपाट वळावं म्हणून रुंद बांधला, आणि रुंद करायला जागा कुठून आणणार, विहिरीतूनच! ही गोष्ट तुम्ही जन्मभर सांगत होतात. हे जन्मभर हसत होते. मलाही पाठ होती. एक रेघ न चुकवणारी बहीण, एक सेकंद न चुकवणारा भाऊ, आणि दोघांपैकी एकालाही सुचू नये की पुन्हा बांधलेला जिना नकाशातल्यासारखा राहिला नसेल! मला हसूही येत होतं आणि तुम्हा दोघांना धरून हलवावंसंही वाटत होतं.

तुम्ही नकाशा काखेत घेऊन वर गेलात. दार लावलंत. त्या दिवशी मात्र जोरात लावलं नाहीत.

तर लिफ्ट तिसऱ्यापर्यंत. त्यावर कुणीच कुरकुर केली नाही, कारण वर फक्त तुम्ही होतात. पहिल्या दिवशी यांना घेऊन मी उतरले. फाटकाबाहेर आल्यावर ते नुसते उभे राहिले. मग दुकानाची फळी काढली, भिंगाला फुंकर मारली आणि मला म्हणाले, "तू आता जा घरी, गिऱ्हाइकांत बायको बरी नाही दिसत." माझा नवरा परत मिळाला, हे मला त्याच क्षणी कळलं. जेवायला रोज हाका मारून वर आणावं लागायचं, इतका परत मिळाला.

आणि तुम्ही? तुम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवला नाहीत. चौथ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून खाली, पिशवी घेऊन, एका हातात कठडा पुसायचं फडकं, वयाला न शोभणारा हट्ट. मी जाळीचं दार धरून उभी राहायचे.

"बसा ना, वन्सं. तुमच्याच मापाची आहे."

"मी चालते."

"अहो, पानंसुद्धा तुमच्याच पसंतीची."

"पानं चांगली झालीत," तुम्ही म्हणायचात आणि लिफ्टकडे न बघता उतरायचात. मी लिफ्टनं तळाशी पोचून वाट बघायचे, तुम्ही धापा टाकत यायचात आणि मला "आलीस का?" विचारायचात, जसं काही तुम्हीच आधी पोचलात.

दुपारचं उजेडाचं अंडं आता फरशीवर पडत नाही. लिफ्टच्या टपावर पडतं. लिफ्ट तळाशी असली की वरच्या कठड्यावरून वाकून बघितल्यावर दिसतं. तुम्ही वाकायचात. मी बघितलंय.

मग एक दिवस तुम्ही आमच्या दारात आलात, हातात पितळेचा ओळंबा. कुठून पैदा केलात देव जाणे.

"अगं, कपाटामुळे वरचं बिघडलं हे ठीक. पण मला वाटतं, विहीर खालूनच कलत आलीय. लिफ्टच्या बाजूला फट राहिलीय, टोपलीची दोरी त्यातून जाईल. एकदा सोडून बघू, कुठल्या मजल्यावर चुकली ते."

"आता? लिफ्ट बसल्यावर? मिस्त्री म्हणत होता तेव्हा—"

"तेव्हा शंका नव्हती."

"मग सोडा की."

"एकजण वर लागतो, एकजण खाली. बाहेरचं कुणी नको. हसतील."

तुम्हाला खाली उभं राहायचं होतं, कारण माप दुसऱ्यानं वाचलेलं तुम्हाला चालायचं नाही. मी चौथ्यावर जाऊन दोरी सोडायची. मी म्हटलं, जाते, माझे गुडघे गेले खड्ड्यात, पण एक अट. तुम्ही तळाशी लिफ्टनं उतरायचं. तुम्ही म्हणालात, "ओळंब्याचा आणि लिफ्टचा काय संबंध?" मी म्हटलं, "काही नाही. अट आहे. तुम्हीच शिकवलंत अटी घालायला." तुम्ही ओळंबा घेऊन वर गेलात. पुढच्या आठवड्यात पुन्हा आलात. मी अट सोडली नाही, तुम्ही हट्ट. मग ते आपलं चालूच राहिलं. तुम्ही भाजी द्यायला यायचात आणि जाता जाता, "येतेस का वर?" मी विचारायचे, "बसता का लिफ्टमध्ये?" तुम्ही, "करपतंय बघ तुझं काहीतरी गॅसवर," आणि चालू लागायचात.

मग ती सकाळ. तुम्हाला छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून तुम्हाला चौथ्यावरून तिसऱ्यावर आणलं आणि खुर्चीसकट लिफ्टमध्ये ठेवलं. मी तुमच्या शेजारी, हे बाहेर काठी टेकून उभे. जाळी बंद झाली. लिफ्ट निघाली. तुमचा चेहरा कागदासारखा पांढरा, मला वाटलं काही बोलायला जमायचं नाही. पहिल्या मजल्यापाशी तुम्ही माझा हात धरलात.

"उजवीकडे कलते," तुम्ही म्हणालात.

"गप्प बसा, वन्सं."

"इथंच. पहिल्याच मजल्यावर. मी म्हटलं नव्हतं? ओळंबा सोडायलाच हवा."

तुम्ही घरी परत आला नाहीत.

तर वन्सं, कमिटीला इमारतीचा इतिहास हवाय आणि माझ्याकडे हा एवढाच आहे. ओळंबा मला तुमच्या कपाटात सापडला, टोपलीत, दोरी त्याच्याभोवती नीट गुंडाळलेली. नकाशा अजून भिंतीवर आहे. कपाट आहेच, कुठं जातंय! यांनी पहिल्या मजल्यावर लिफ्टमध्ये डोळे मिटून दोन-तीनदा बघितलं. म्हणतात कलते, मग म्हणतात नाही कलत. मला विचाराल तर मला काही कळत नाही.

पण तुम्ही लिफ्टनं उतरलात. अट पूर्ण केलीत. तेव्हा आता चौथ्यावर जाऊन दोरी सोडायचं काम माझ्याकडे लागतं, आणि मी ते नाकारत नाही. परवा ओळंबा घेऊन गेलेही होते वर, कठड्यापाशी उभी राहिले, फट बघून ठेवली. दोरी जाईल त्यातून, तुमचं तेवढं बरोबर होतं. खाली उभं कोण राहणार, ते मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. बाहेरचं कुणी नको, म्हणाला होतात.